नूरमहंमदचा पातळ हात

लोणावळ्याच्या बाजारात नूरमहंमद कल्हईवाल्याची भट्टी कुठे होती, हे आता दाखवून उपयोग नाही. तिथे दुसरंच काहीतरी उभं आहे. आमच्या वेळी नवसागराचा नाकाला झोंबणारा पांढरा धूर दिसला की समजायचं, नूरभाईकडे भांडी आलीत. मी तेव्हा रेल्वेच्या इंजिनशेडात फिटर होतो. शेडातून सुटलो की मुक्ताबाईच्या खानावळीत जेवायला जायचं आणि जाताजाता नूरभाईच्या भट्टीपाशी विडी पेटवायची, हा माझा शिरस्ता. विडीला निखारा मिळायचा आणि त्याला कुणीतरी बोलायला मिळायचं.

माणूस उंचापुरा, हातांचं कातडं भाजून भाजून घट्ट झालेलं, आणि जीभ तिखट. त्याची बायको रोशनबी भात्याच्या दांड्याशी बसायची. तिचा भाता असा एका लयीत चालायचा की नूरभाई ज्वाळेकडे बघायचाही नाही. आधी भांड्यात वाळू टाकून, आत उभा राहून, पायांनी गरगरा घासायचं. मग ते तापवायचं, नवसागर फिरवायचा, कथलाची कांडी टेकवायची आणि कापसाच्या बोळ्यानं कथील सगळीकडे पसरायचं. लगेच पाण्यात बुडवलं की चर्र आवाज येऊन भांडं आतून चांदीसारखं निघायचं. तांब्यापितळेला आतून हा कल्हईचा हात दिला नाही तर आंबट पदार्थ त्यात कळकतो. आमटी हिरवट पडते, जिभेला कडसर लागते आणि खाणाऱ्याच्या पोटात ढवळून निघतं. तेव्हा कल्हईवाला म्हणजे काही शोभेचा धंदा नव्हता. लोकांची पोटं त्याच्या हातात असायची.

आणि लोकांना त्याच्याबद्दल एकच गोष्ट पक्की ठाऊक असायची. कल्हईवाला चोर. तो कथलात स्वस्तातलं शिसं मिसळतो. हे कुणी कुणाला शिकवावं लागत नव्हतं. आईच्या दुधाबरोबरच ते पोटात जायचं. बायाबापड्या भांडी ठेवतानाच म्हणायच्या, "शिसं घालू नको हां मेल्या," आणि उंबऱ्यात बसून राहायच्या. भांडं पाण्यातून निघालं रे निघालं की पांढरं फडकं घेऊन आतून खसाखसा घासायचं. फडकं काळं झालं तर शिसं, पांढरं राहिलं तर ठीक. 'ठीक' म्हणजे चोर आज सापडला नाही, एवढंच. शाबासकी कुणाच्या तोंडून निघायची नाही.

आता नूरभाईनं उभ्या जन्मात शिसं मिसळलं नव्हतं. हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. पण माणूस आहे, देव नाही. वर्षानुवर्षं रोज सकाळ-संध्याकाळ चोर म्हणून घेतलं की एक दिवस माणूस म्हणतो, बरं, तर मग चोर.

त्यानं त्याचा एक कायदा करून टाकला होता. विश्वासानं भांडी टाकून जाईल, त्याला दोन हात. पहिला हात देऊन भांडं निवू द्यायचं, पुन्हा तापवायचं आणि बुडाशी, कडेच्या वळणाशी, जिथे आंबटाचा मारा जास्त, तिथे दुसरा हात द्यायचा. आणि जो डोळ्यांत तेल घालून समोर बसेल, त्याला एकच हात, तोही पातळ. शिसं नाहीच. कथील चोख. पण कल्हई भांड्याच्या पोटाकडे चकचकीत आणि बुडाशी नुसती चाटून गेल्यासारखी. गंमत अशी की समोर बसणाऱ्याला हे कधी कळलं नाही. त्याचं सगळं लक्ष फडकं काळं होतंय का, तिकडे. चोर कुठून येणार हे ज्यांना आधीच ठाऊक असतं, ते दुसऱ्या दाराकडे बघत नाहीत.

"तिकडं बुडाशी कमी पडलं," रोशनबी भात्यावरनं हळूच म्हणायची.

"पडू दे. त्यांना चोर पायजेल तर आपल्याला चोर व्हायला काय जातंय?"

"त्यांचं काय जायाचं त्ये जाईल. तुमचा हात बिघडंल."

"माझा हात माझ्या ताब्यात हाय," नूरभाई म्हणायचा.

मला तरी त्याचं फारसं वावगं वाटत नव्हतं. आमच्या शेडातही एक मुकादम होता. त्याच्या मते मावळातला माणूस म्हणजे फावडं. नाजूक काम त्याच्या हातात द्यायचं नाही. मग आम्हीही त्याच्या पाळीत फावड्यासारखंच काम करायचो. बोल्ट वाकडा बसला तरी तो म्हणायचा, "वाटलंच होतं," आणि आम्ही मनात म्हणायचो, तुझं वाटणं खोटं कशाला पाडायचं?

दोन हात मिळणाऱ्यांत सगळ्यांत वरचं नाव मुक्ताबाईचं. ती आंदर मावळाकडची, मराठ्याची, ऐन विशीत नवरा गेलेली. सासरी राबून वर बोलणी खाण्यापेक्षा लोणावळ्यात येऊन तिनं रेल्वेच्या माणसांसाठी खानावळ घातली. तिच्या चिंचगुळाच्या आमटीसाठी माणसं घरचं जेवण सोडून यायची. ती भांडी घेऊन भट्टीवर यायची, धाडकन खाली ठेवायची आणि म्हणायची, "नूरभाई, सांच्याला पायजेत." आणि चालू पडायची. फडकं नाही, उंबऱ्यात बसणं नाही. एकदा कुणीतरी तिला म्हणालं, बाई, जरा बघत जा. ती म्हणाली, "माझी आमटी कुनी बघत बसतंय का? मग त्येची कल्हई म्या का बघू?" हे नूरभाईच्या कानावर आलं तेव्हा तो तिच्या भांड्यांना त्या दिवशी तिसरा हात द्यायला निघाला होता. रोशनबीनंच कथील संपेल म्हणून थांबवलं.

शिमगा झाला की नूरभाई आणि रोशनबी भाता घेऊन खेड्यांवर जायची. गाडीनं तळेगावला उतरायचं, तिथून सोमाटणं, वराळं असं पायी फिरायचं. वराळ्यात गावकीची भांडी होती. लग्नकार्यासाठी सगळ्या गावात मिळून घेतलेली मोठाली तांब्याची तपेली आणि हंडे मारुतीच्या देवळात ठेवलेले असायचे. त्यांचा कारभार दत्तोबाकडे. गावातलं मोठं घर, मोठा आवाज. कल्हई करून घ्यायची म्हणजे दत्तोबा देवळाच्या पायरीवर पटका सावरून बसायचा, जणू काही खटलाच चालवायचाय.

त्या वर्षी दत्तोबानं चार माणसांदेखत म्हटलं, "शिसं किती घातलंस त्ये आदीच सांग, त्येवढे पैसे कापून देतो."

सगळे हसले. नूरभाईही हसला. आणि त्यानं गावकीच्या सगळ्या भांड्यांना असा पातळ हात दिला की तसा त्यानं आधी कधी दिला नव्हता. दत्तोबानं स्वतः फडकं घेऊन एकूण एक भांडं घासलं. फडकं पांढरंशुभ्र. "मी बसलो की कसं सरळ हुतंय बगा," असं म्हणून त्यानं ते फडकं गावाला दाखवलं. खरं तर त्या घासण्यानं उरलंसुरलंही थोडं निघालं असेल.

आता नशीब बघा. दत्तोबाचा धाकटा भाऊ भिमाजी लोणावळ्याला रेल्वेत खलाशी होता, मुक्ताबाईच्या पंगतीत माझ्या शेजारी बसणारा. वैशाखात त्याच्या मुलीचं लग्न वराळ्याला ठरलं आणि त्यानं हट्ट धरला की स्वयंपाक मुक्ताबाईच करणार. घरात कुरकुर झाली. लग्नाच्या घरी विधवेचा हात? दत्तोबा तर म्हणाला, "पांढऱ्या कपाळानं चूल पेटवली तर काय हुतंय त्ये बगशील." पण मुलीचा बाप अडून बसला. मुक्ताबाई गेली. मांडवाकडे फिरकायचं नाही, चुलवणापाशीच राहायचं, हे तिनं न सांगता पाळलं. मी भिमाजीचा दोस्त म्हणून लग्नाला होतो, त्यामुळे पुढचं डोळ्यांनी पाहिलेलं सांगतो.

आमटी सकाळीच तयार झाली. तिनं नेहमीच्या सवयीनं ती उतरवून मातीच्या रांजणात काढायला घेतली होती. परक्या भांड्यांवर तिचा भरवसा नसे. तेवढ्यात तिनं पाण्याला आलेल्या बाईला विचारलं, "कल्हई कुनाची?" ती म्हणाली, लोणावळ्याच्या नूरमहंमदची. मुक्ताबाईनं हातातलं ओगराळं परत तपेल्यात सोडलं. "मग ऱ्हाऊ दे हितंच. नूरभाईचं तपेलं दिसभर ठेवलं तरी काय हुत न्हाई." आणि ती भाताकडे वळली.

वऱ्हाड यायला उशीर झाला. वाटेत गाडीचं चाक निखळलं होतं. लग्न लागेपर्यंत उन्हं कलली आणि आमटी तांब्याच्या तपेल्यात तशीच उभी. पंगत बसली, पहिला भुरका मारल्यावर शेजारचा म्हातारा माझ्याकडे बघून तोंड वाकडं करायला लागला. मलाही जिभेवर तांब्याचा पैसा ठेवल्यासारखं लागलं. अर्ध्या तासात निम्मा मांडव गोठ्यामागे ओकत होता. नवऱ्या मुलाचा आजा तर असा आडवा झाला की बायांनी रडायला सुरुवात केली. तो वाचला, सगळेच वाचले. पण लग्नात जे व्हायचं ते होऊन गेलं होतं.

मुक्ताबाईनं आमटी चाखली. इतकी वर्षं चुलीपाशी घालवलेल्या बाईला कळकलेली चव कळत नाही काय? पण तिनं पुन्हा चाखली, पुन्हा चाखली. भिमाजीनं विचारलं, "मुक्ताबाई, तपेलं तर कळकलं न्हाई?"

तिच्या आधी दत्तोबाच ओरडला. "तपेल्याचं नाव घिऊ नगा. कल्हई माझ्या डोळ्यांदेखत झाली. फडकं पांढरं निघालंय, समद्या गावानं बगितलंय."

जन्मात पहिल्यांदा कुणीतरी भरल्या गावात नूरभाईच्या कामाची ग्वाही दिली, आणि तीही त्यानं पहिल्यांदाच इतकं वाईट काम केलं तेव्हा. हसावं की कपाळ बडवावं, मला अजून कळलेलं नाही.

आणि मुक्ताबाई म्हणाली, "न्हाई, नूरभाईची कल्हई कळकत न्हाई. चिंचच जुनी असंल. माजं ध्यान न्हाई ऱ्हायलं."

झालं. दोष तिनं स्वतःच पदरात घेतला, मग लोकांना काय? पांढरं कपाळ चुलीपाशी आणलं की असंच व्हायचं, हे तर सगळ्यांना आधीच ठाऊक होतं. तिला तिची भांडीकुंडी घेऊन त्याच दिवशी गावाबाहेर काढलं. बातमी तिच्याआधी लोणावळ्याला पोचली. वराळ्याला लोक विषानं ओकले, अशी. शेडातली माणसं दुसरीकडे जेवायला लागली. पहिल्या आठवड्यात पंगतीला आम्ही तिघं उरलो, आणि त्यातला एक भिमाजी, तोही मान खाली घालून जेवणारा. ती तरीही वेळेवर चूल पेटवायची. उरलेला भात गाईला घालताना मी तिला पाहिलं आणि ताटावरून उठलो.

मी तडक भट्टीवर गेलो. नूरभाईला लग्नाचं उडत उडत कळलं होतं, सगळं नव्हतं. मी सांगत गेलो. दत्तोबाच्या फडक्याचं सांगितलं तेव्हा तो जरा हसलाही. पण मुक्ताबाईनं आमटी रांजणात काढता काढता का थांबवली, आणि शेवटी ती काय म्हणाली, हे सांगितलं तेव्हा त्याच्या हातातला चिमटा तसाच राहिला. भांडं जळत होतं, रोशनबीनं भाता थांबवला.

"त्या असं म्हनाल्या?"

"असंच म्हणाली."

"चिंच जुनी म्हनाल्या?"

तो खाली बसला. म्हणाला, "मी दत्तोबाला दिला पातळ हात. मुक्ताबाईंना न्हाई दिला." रोशनबी म्हणाली, "तपेल्याला काय ठावं, कोन जेवनार हाय?"

त्याच्यापुढे काय होतं ते नीट समजून घ्या. गप्प राहिला असता तर त्याला कुणी बोट लावणार नव्हतं. उलट खुद्द दत्तोबा त्याचा साक्षीदार. आणि बोलला असता तर जे खोटं म्हणून तो आयुष्यभर चिडत आला, ते त्याच्याच तोंडून खरं ठरणार. त्याच्या एकट्याचं नव्हे, त्याच्या धंद्यातल्या प्रत्येकाचं. त्याच्याच धंद्यातल्या मेहुण्यानं त्याला हात जोडून सांगितलं, आमच्या पोटावर पाय देऊ नका. हेही खोटं नव्हतं.

तो वराळ्याला गेला. भिमाजी आणि मी बरोबर. मारुतीच्या देवळापुढे माणसं जमली. त्यानं ते तपेलं मागितलं, उन्हात कलतं धरलं आणि बुडाशी बोट ठेवलं. तिथे तांबं लालभडक उघडं पडलं होतं.

"शिसं न्हाई घातलं," तो म्हणाला, "पर हात पातळ दिला. मुद्दाम दिला. चोर म्हनला म्हनून दिला. त्या बाईचा काय दोष न्हाई. तिनं माझ्या नावावर आमटी ठेवली."

कुणीतरी रडेल, कुणीतरी पाठीवर हात ठेवेल असं मला वाटलं होतं. तसलं काही झालं नाही. दत्तोबा लालबुंद झाला. "म्हंजे मी काय आंदळा बसलो हुतो?" त्याला सगळ्यात जास्त तेच लागलं होतं. बाकीचे एकमेकांकडे बघून म्हणाले, "आमी म्हनतच हुतो. कल्हईवाले समदे तसलेच." नूरभाई म्हणाला, भांडी फुकट करून देतो. त्यांनी देऊ दिली नाहीत. पुण्याहून दुसरा कल्हईवाला आणला आणि दत्तोबा पुन्हा पायरीवर बसला. फडकं मात्र तेच.

त्या वर्षानंतर वराळं, सोमाटणं, तिकडचा सगळा मुलूख नूरभाईला बंद झाला. मेहुणा बोलेनासा झाला. लोणावळ्यातलीही बरीच घरं गेली. मुक्ताबाईच्या खानावळीत मात्र माणसं हळूहळू परत आली. आमटीची चव विसरत नाही माणूस.

नूरभाई तिच्या दारात गेला होता, माफी मागायला. ती भाकरी थापत होती. तिनं सगळं ऐकलं आणि म्हणाली, "गावानं मला हाकललं त्येचं मला काय न्हाई. गाव माझं कवा हुतं? पर ती आमटी म्या तपेल्यात न्हाई, तुमच्या हातावर ठेवली हुती, नूरभाई." आणि पुढची भाकरी तव्यावर टाकली. तो तसाच परत आला.

दिवाळीआधी ती भांडी घेऊन भट्टीवर आली. खाली ठेवली आणि गेली नाही. तिथे एक कोळशाचं रिकामं खोकं होतं, ते पालथं करून त्याच्यावर बसली आणि बघत राहिली. मी तिथेच विडी ओढत होतो. मला ते बघवेना, पण तिला तो हक्क होता. नूरभाईनं मान खाली घालून काम केलं. समोर कुणी बसलंय आणि त्याचा हात पातळ पडत नाहीये, असं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. तिनं फडकं लावलं नाही, बुडाशी नुसतं बोट फिरवलं आणि भांडी उचलली. घरी मात्र आंबट काही असलं की ती ते मातीच्या मडक्यात काढायची. नूरभाईला ते ठाऊक होतं. मीच सांगितलं होतं, आणि सांगून पस्तावलो होतो.

पुढच्या वर्षी तेच. त्याच्या पुढच्याही. आमच्या घाटात विजेची इंजिनं आली, आमचं निम्मं शेड रिकामं झालं, नूरभाईची दाढी पांढरी झाली, आणि मुक्ताबाई दरवर्षी येऊन खोक्यावर बसायची. तो तिच्यासाठी ते खोकं आधीच पुसून ठेवायला लागला.

मग एका वर्षी ती आली, भांडी धाडकन खाली ठेवली आणि म्हणाली, "सांच्याला पायजेत." आणि चालू पडली.

नूरभाई पुसलेल्या खोक्याकडे बघत राहिला. "बरं न्हाई का त्यांना?" त्यानं मला विचारलं. मी म्हटलं, चांगली ठणठणीत आहे. रोशनबी भाता मारत होती. ती म्हणाली, "बगताय काय? कोळसा जळतोय."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खानावळीत पहिल्या पाळीचं जेवत होतो, तर नूरभाई दारात. त्या काळी तो पंगतीत बसत नसे, कुणी बसवतही नसे. पैसे नेण्याचं निमित्त करून आला होता. त्याची नजर चुलीकडे गेली. मडकं कोनाड्यात पालथं होतं.

"आमटी कुटं काढली?" त्यानं विचारलं. आवाज बरा नव्हता.

"काढली कुटं? रातीपास्नं तपेल्यातच हाय," मुक्ताबाई म्हणाली. "ह्यांनी तीच खाल्ली. वाढू का तुमास्नी?"

तो ओट्यावर बसला. तिनं वाटी भरून त्याच्या हातात दिली. त्यानं एक घोट घेतला, मग दुसरा, आणि वाटी तोंडाला लावून रडायला लागला, लहान पोरासारखा, भर सकाळी, सगळ्या पाळीच्या माणसांसमोर.

मुक्ताबाईनं ओगराळं खाली ठेवलं. "तिखट झाली व्हय?"

"न्हाई," नूरभाई म्हणाला. "झाक हाय. आजून घाला."